भांडी भंगारात गेली, बीपीची गोळी मात्र राहिली

पत्र डोंबिवलीहून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई 53 वर्षांच्या. त्यांच्या आई 79 वर्षांच्या, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. चार वर्षांपूर्वी त्यांना अल्झायमर असल्याचं निदान झालं. आईला सांभाळायला म्हणून ताईंनी दीड वर्षापूर्वी फोर्टमधल्या नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. भाऊ पुण्याला असतो, पैसे पाठवतो आणि फोनवर ऐकवतो, "तू तिला नुसतं टीव्हीपुढे बसवलंस, म्हणून तिचा मेंदू गंजला." नात्यातल्या कुणीतरी सांगितलं की ॲल्युमिनियमच्या भांड्यांमुळे हा रोग होतो, तेव्हा ताईंनी घरातली सगळी पातेली भंगारवाल्याला देऊन टाकली. आता त्यांना स्वतःचीच धास्ती वाटते. बोलताना शब्द सुचत नाही, फ्रीज उघडून 'काय घ्यायला आले' म्हणत उभ्या राहतात. मेंदूच्या टॉनिकवर महिन्याला दोन हजार खर्च होतात आणि रात्री मोबाइलवर कोडी सोडवणं चालतं. मुलगी 26 वर्षांची, तिच्यासाठी स्थळं बघताहेत. कांदेपोह्यांच्या दिवशी आजीला शेजारच्या घरी नेऊन बसवलं होतं. त्या विचारतात: हे माझ्याही वाट्याला येणार का, आणि जनुकीय चाचणी करून घेऊ का? आईने आयुष्यभर शब्दकोडी सोडवली, तरी तिलाच का झालं? मुलीच्या सासरी हे सांगायचं का?

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल होती. तुमच्या प्रश्नांखाली मी रेघ मारली नाही, कारण ते तुम्ही स्वतःच ठळक लिहिले आहेत. रेघा मारल्या त्या तुम्ही जाता जाता लिहून गेलात त्या वाक्यांखाली. 'आई रात्री दोन-तीनदा उठते, त्यामुळे सलग झोप अशी नाहीच.' 'मुलगी म्हणते, टीव्हीचा आवाज किती मोठा ठेवतेस.' 'आईच्या गोळ्यांच्या नादात माझी बीपीची गोळी राहून जाते.' 'लोकलगाडीतल्या मैत्रिणींचे फोन हल्ली येत नाहीत.' यातल्या एकाबद्दलही तुम्ही काही विचारलेलं नाही. मला मात्र त्यांच्याबद्दलच जास्त बोलायचं आहे. पण आधी भावाचं बघू, कारण ते बोलणं तुम्हाला लागलंय हे पत्रातून कळतं.

भावाला एक हिशेब सांगा. अल्झायमरमध्ये मेंदूच्या पेशींच्या बाहेर अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात आणि पेशींच्या आत टाऊ नावाच्या प्रथिनाचा गुंता होतो. हे साचणं विसरायला लागण्याच्या साधारण पंधरा-वीस वर्षं आधी सुरू होतं. आईंची लक्षणं 75 च्या आसपास दिसली. म्हणजे आतली गडबड सुरू झाली तेव्हा त्या पंचावन्न-साठीच्या होत्या, कदाचित शाळेत फळ्यावर पाढेच लिहीत होत्या. तुम्ही दीड वर्षापूर्वी घरी बसलात. तुमच्या टीव्हीने हा रोग आणलेला नाही. दिवसभर टीव्हीपुढे बसवणं चांगलं नाही, हे खरंच. पण ते टाळायचं तर दुसरं माणूस लागतं, आणि भावाला पुण्याहून फोनवर ते माणूस होता येत नाही.

आता 'कशामुळे झालं' हा प्रश्न. आपल्याला कारण एकच हवं असतं. भांडी, टीव्ही, साखर, कुणाची नजर, काहीही चालतं, पण एक. मी लोकांना उलट विचारते, मुंबईत दादरजवळच्या हिंदमाताला पाणी का तुंबतं? पाऊस पडतो म्हणून, हे उत्तर खरंच आहे. पण तोच पाऊस उंचावरच्या मलबार हिलवरही पडतो. हिंदमाता सखल, त्यात नाल्यांत गाळ, त्यात नेमकी भरती. या सगळ्या गोष्टी एका दुपारी जुळून आल्या की गुडघाभर पाणी. अल्झायमरचं बरंचसं असंच आहे. पाऊस म्हणजे वय. तो सगळ्यात मोठा घटक, आणि पासष्टीनंतर दर पाचेक वर्षांनी धोका जवळपास दुप्पट होत जातो. जमीन किती सखल ते आनुवंशिकतेवर ठरतं. आणि नाल्यातला गाळ म्हणजे वर्षानुवर्षं न मोजलेला रक्तदाब, मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल, सिगारेट, बंद झालेले कान, एकटेपणा. गाळ काढला म्हणजे पाणी भरणारच नाही, असं कुठलाही शहाणा अभियंता लिहून देणार नाही. पण मे महिन्यात नालेसफाई करायची की नाही, यावर त्याचं दुमत नसेल.

ॲल्युमिनियमचं भूत 1960-70 च्या दशकांतल्या काही प्रयोगांतून आलं. पुढच्या संशोधनात स्वयंपाकाच्या भांड्यांचा आणि या रोगाचा संबंध सिद्ध झाला नाही. तुमची पातेली निर्दोष होती हो.

शब्दकोड्यांचं तुम्ही विचारलंत, तो प्रश्न मला सगळ्यात आवडला. अमेरिकेत 1986 पासून डेव्हिड स्नोडन या संशोधकाने 678 कॅथलिक जोगिणींचा (नन्सचा) अभ्यास केला. त्यांनी मृत्यूनंतर मेंदू तपासायची परवानगी दिली होती. त्यांतल्या काहींच्या मेंदूत रोगाच्या खुणा भरपूर सापडल्या, पण जिवंतपणी त्या शेवटपर्यंत खणखणीत होत्या. शिक्षण, वाचन, भाषा, कामात गुंतलेलं डोकं यांतून मेंदूची एक शिल्लक तयार होते असं मानतात. हिंदमाताचीच भाषा पुढे चालवायची तर घराचं जोतं उंच होतं. पाणी रस्त्यावर येतंच, उंबऱ्यात यायला मात्र वेळ लागतो. हैदराबादला सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या (अल्झायमर हा त्याचाच सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार), 648 रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. 2013 साली छापून आलेल्या त्या अभ्यासात दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा त्रास सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाल्याचं दिसलं, आणि शाळेत न गेलेल्यांतही तसंच दिसलं. अशा नोंदींवरून पक्कं कार्यकारण काढता येत नाही, हे खरं. पण मुंबईच्या लोकलमध्ये एका डब्यात चार भाषांत भांडणाऱ्या बायकांना यात थोडं समाधान मानायला हरकत नाही.

तेव्हा 'कोडी सोडवूनही झालं' असं म्हणताना हेही लक्षात घ्या की कोडी, वाचन आणि शाळा नसती तर कदाचित सत्तरीतच दिसलं असतं. आईंची ती वर्षं फुकट गेली नाहीत. एक कडू गोष्टही सांगते, कारण तुम्ही पुढे ती अनुभवाल आणि पुन्हा स्वतःला दोष द्याल. ज्यांची शिल्लक मोठी असते त्यांचा रोग उघड झाल्यावर उतार बऱ्याचदा वेगाने येतो, कारण दिसायला लागतो तेव्हाच तो बराच पुढे गेलेला असतो.

आता जनुकीय चाचणी. इथे थोडा इतिहास कामाचा आहे. अलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने 1906 मध्ये ज्या बाईची हकीकत मांडली ती इस्पितळात आली तेव्हा 51 वर्षांची होती. त्यामुळे कितीतरी दशकं हा रोग मध्यमवयाचा, दुर्मीळ असा समजला गेला. म्हाताऱ्यांचं विसरणं म्हणजे 'साठी बुद्धी नाठी', एवढंच. ही आपली म्हणच नव्हती, जगभरातल्या डॉक्टरांचंही साधारण तेच मत होतं. ते 1970 च्या दशकात बदलू लागलं. आता आपण दोन प्रकार वेगळे धरतो. एका प्रकारात प्रिसेनिलिन किंवा एपीपी या जनुकांतला दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरतो आणि रोग बहुधा साठीच्या आतच दिसतो. असे रुग्ण शंभरात एकही नसतात. तुमच्या घरात सलग दोन-तीन पिढ्यांत चाळिशी-पन्नाशीत असं झालं असतं, तर मी तुम्हाला आजच जनुकीय समुपदेशकाकडे पाठवलं असतं. आईंचा रोग 75 ला दिसला. तो दुसऱ्या, नेहमीच्या प्रकारातला असण्याची शक्यता कितीतरी जास्त.

घरबसल्या किट मागवून जी चाचणी करतात ती बहुधा एपीओई-4 या जनुकाची असते. त्याची एक प्रत असेल तर धोका साधारण दोन-तीन पट होतो, दोन असतील तर त्याहून बराच जास्त. हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरच्या अभ्यासांतले आहेत. ते जनुक असून म्हातारपणी ठणठणीत असलेली माणसं आहेत आणि ते नसून रोग झालेलीही आहेत. म्हणजे उत्तर 'आहे' आलं तरी तुम्हाला काय करायचं ते कळणार नाही, आणि 'नाही' आलं तर बीपीची गोळी विसरायला आणखी एक निमित्त मिळेल. रक्तातल्या टाऊच्या नव्या चाचण्यांबद्दलही तुम्ही कुठेतरी वाचलंत. त्या लक्षणं असलेल्यांचं निदान करायला आहेत, धडधाकट माणसाचं भविष्य बघायला नव्हेत. मला विचाराल तर चाचणीचे पैसे ठेवा, पुढे उपयोगी पडतील.

आणि तुमचं आत्ताचं विसरणं? त्रेपन्नाव्या वर्षी, पाळी जाण्याच्या काळात, झोपेविना, दिवसभर दुसऱ्याची औषधं, संडास-आंघोळ आणि हरवलेला चष्मा डोक्यात ठेवणाऱ्या बाईला शब्द सुचले नाहीत, तर मला आश्चर्य वाटत नाही. सुचले असते तर वाटलं असतं. आईंचं सुरुवातीचं काय होतं ते आठवा. तुम्हीच लिहिलंय, पन्नास वर्षं केलेल्या पुरणपोळीत कशानंतर काय ते त्यांना उलगडेना, भाजीवालीला दिलेल्या शंभराच्या नोटेचे किती परत यायचे ते सांगता येईना, आणि 'मला काही झालेलं नाही' म्हणून त्या चिडायच्या. मोबाइलमध्ये डोकं घालून ठाण्याऐवजी मुलुंडला उतरणं वेगळं आणि पंचवीस वर्षं राहिल्यावर स्टेशनपासून आपली गल्ली न सापडणं वेगळं.

तरी मनाची समजूत म्हणून नव्हे, खरंच गरज म्हणून एकदा तपासून घ्या. बी-12, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, कोलेस्टेरॉल. पूर्ण शाकाहारी घरांत बी-12 कमी निघणं अगदी नेहमीचं, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांतही ते घटतं. उदासीनेही स्मरणशक्ती ढेपाळते. झोपेच्या आणि काही ॲलर्जीच्या गोळ्यांनीही. हे सगळं सुधारण्यासारखं आहे. फॅमिली डॉक्टरांपासून सुरुवात करा. त्यांना पुढे पाठवावंसं वाटलं तर केईएम, सायन, नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत न्यूरोलॉजीचे विभाग आहेत. रांग असते, डबा घेऊन जा.

आता माझ्या रेघा.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने 2024 मध्ये बदलता येण्याजोगे 14 घटक मांडले आणि म्हटलं की ते समाजातून पूर्ण नाहीसे करता आले तर डिमेन्शियाचे सुमारे 45 टक्के रुग्ण टळतील किंवा लांबतील. हा आकडा लोक चुकीचा वाचतात. तुमचा धोका 45 टक्क्यांनी कमी होईल असा त्याचा अर्थ नाही. तो आख्ख्या समाजाचा हिशेब आहे, आणि त्यात हवेचं प्रदूषण आणि लहानपणी न मिळालेलं शिक्षण असे घटकही आहेत, जे तुमच्या-माझ्या हातात नाहीत. पण यादी वाचताना मी तुमचं पत्र शेजारी ठेवलं होतं. बीपी, कान, एकटेपणा, बैठं आयुष्य तिथे सापडले. कोडी सापडली नाहीत, टॉनिक तर नाहीच.

बीपीची गोळी सगळ्यात आधी. मध्यमवयातला चढा रक्तदाब मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा करतो. 2019 साली आलेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत वरचा आकडा 120 च्या खाली ठेवायचं उद्दिष्ट असलेल्या गटात सौम्य स्मृतिदोष सुमारे 19 टक्क्यांनी कमी आढळला. डिमेन्शियातला फरक मात्र ठाम म्हणावा असा नव्हता. तुमचा आकडा किती हवा ते डॉक्टर ठरवतील. तुमची गोळी आईच्या डब्यात ठेवा. त्यांना गोळी द्यायला विसरत नाही ना? मग त्याच वेळी, त्याच पाण्याने.

कान. माझ्या वडिलांचं श्रवणयंत्र आठ वर्षं कपाटात, लाडूंच्या रिकाम्या डब्यात होतं. 'मी काय बहिरा आहे?' असं ते मोठ्याने विचारायचे, आणि आम्ही उत्तर दिलेलं त्यांना ऐकू यायचं नाही. तेव्हा हसलो, आता हसू येत नाही. कमी ऐकू येणारा माणूस आधी गप्पांतून उठतो, मग माणसांतून. 2023 च्या एका चाचणीत वयस्कांना यंत्रं देऊन तीन वर्षं पाहिलं. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर फरक दिसला नाही, पण ज्यांचा धोका आधीच जास्त होता त्या गटात बुद्धीची घसरण जवळपास निम्म्याने मंदावली. तुम्हाला यंत्रच लागेल असं मी म्हणत नाही, कानातला मळही निघू शकतो. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. आणि हो, आईंचेही कान आणि मोतीबिंदू तपासा. त्यांचा अर्धा गोंधळ न ऐकू येण्याचा असू शकतो.

एकटेपणा आणि झोप या दोन गोष्टी तुम्ही एकट्या सोडवू शकत नाही. इथे भाऊ लागणार. दोष द्यायला फोन करतो, तसा कामालाही येऊ शकतो. त्याच्याशी 'तू काहीच करत नाहीस' असं बोलू नका. आकडा सांगा. रुग्ण सांभाळणाऱ्या बायका पुरवणाऱ्या ब्युरोमधून बाई आठवड्याला दोन रात्री आणि दोन संध्याकाळी ठेवायची तर किती लागतात ते काढा आणि तेवढे मागा. टॉनिकचे दोन हजार त्यात घाला. (अशा टॉनिकांत असतो त्या जिन्को झाडाच्या पानांच्या अर्कावर तीन हजारांहून जास्त वयस्कांची मोठी चाचणी झाली, 2008 मध्ये निकाल आला, उपयोग दिसला नाही. हळद भाजीत घाला, कॅप्सूलमध्ये कशाला?) शिवाय वर्षातून दोनदा आठ-आठ दिवस त्याने येऊन राहावं, बायकोला न पाठवता स्वतः.

मग त्या दोन संध्याकाळी काय करायचं? भरभर चाला, निदान अर्धा तास, घाम येईल असं. घरकाम चालण्यात मोजू नका, आपण सगळ्या तेच करतो. आणि गाडीतल्या मैत्रिणींना फोन करा. वीस वर्षं एका डब्यात उभं राहून भाजी निवडली, हळदीकुंकू केलं, दसऱ्याला डबा सजवला, त्या दीड वर्षात परक्या झाल्या नाहीत. तुम्ही 'आईचं करायचं असतं' म्हणून तीनदा नाही म्हणालात, चौथ्यांदा त्यांनी विचारलं नाही, इतकंच झालं असणार. फिनलंडमध्ये 1260 वयस्कांवर दोन वर्षं एक प्रयोग झाला, 2015 साली त्याचा निकाल छापून आला. आहार, व्यायाम, मेंदूचा सराव आणि बीपी-साखरेवर लक्ष, असं सगळं एकत्र केलं तेव्हा स्मृती आणि विचारशक्ती थोडी बरी राहिली. थोडीच, पण राहिली. तिथे लोक गटाने व्यायाम करत होते, हे मला महत्त्वाचं वाटतं.

अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था 1992 पासून काम करते, मुंबईतही तिची शाखा आहे. काळजीवाहकांच्या गटाबद्दल तिथे विचारा. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन 14567, आणि तुमचंच मन फार खचलं तर टेलि-मानस 14416. दुसरा नंबर आईसाठी नाही, तुमच्यासाठी दिलाय.

राहिलं मुलीचं लग्न. वयाच्या 75 व्या वर्षी आजीला झालेला आजार हे नातीतलं वैगुण्य नाही, त्याची कबुली द्यायची नसते. साठीच्या पुढच्या भारतीयांत शंभरात सातांहून जास्त जणांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज 2023 मध्ये मांडला गेला. मुलाकडच्या घरातही एखादे आजोबा 'जरा विसराळू' असतीलच. पण लपवूही नका. कारण त्यांना कळायला हवं ते जनुकांबद्दल नाही, घराबद्दल आहे: या घरात एक म्हातारं माणूस आहे, त्याला वेळ द्यावा लागतो, आणि ही मुलगी लग्नानंतरही अधूनमधून आजीसाठी येणार. हे ऐकून जे पाय मागे घेतील त्यांनी ते आत्ताच घेतलेले बरे. पुढच्या वेळी आजीला शेजारी नेऊ नका. छान साडी नेसवून बाहेर बसवा. त्या चारदा विचारतील, 'ही कुणाची मुलगी?' तुमच्या मुलीने चारदा सांगावं, 'तुझ्या मुलीची.' नवरा मुलगा त्या वेळी कुठे बघतो, ते तुम्ही बघा.

आणखी एक, पत्रात नव्हतं तरी. मुलगी मैत्रिणीच्या स्कूटरवर मागे बसून क्लासला जाते असं लिहिलंत. डोक्याला बसणारा मार त्या 14 घटकांत आहे. हेल्मेट मागच्यालाही लागतं.

तुमची,
सदरलेखिका

ता.क. स्टीलच्या नव्या पातेल्यात भात खाली लागतो, अशी तक्रार तुम्ही शेवटच्या ओळीत केलीत. जाड बुडाचं घ्या, नाहीतर सरळ ॲल्युमिनियमचं एक परत आणा. भावाला विचारायची गरज नाही.